फरक माझ्या नावावर

६ जानेवारी १९८६

पोचले एकदाची सासरी! लग्न आजऱ्याला झालं आणि लगेच ह्यांना बोटीच्या कंपनीच्या कामासाठी मुंबईला पळावं लागलं, म्हणून गृहप्रवेश आज. आंबोलीच्या घाटात माझ्या पोटाने दगा दिला. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांची काजूची पिशवी थोडक्यात वाचली. ह्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं की घाटावरची माणसं घाटातच हरतात. सावंतवाडीला गाडी बदलली, मालवणला उतरून रिक्षा केली, आणि माडांच्या मधून शेवटच्या वळणावर घर दिसलं. मला वाटलं होतं कौलारू, अंधारं असेल. कसलं काय! नवी स्लॅब, मोझॅकची फरशी, फ्रीज, ओटीवर झोपाळा. बोटीवर फिटर असलेल्या माणसाचं घर एवढं झोकात असेल असं आमच्या बाबांना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

घरात माणसं दोनच. सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, आणि ह्यांच्या आत्या, अक्का. अक्कांनी लग्न केलं नाही. काटकुळ्या, गोऱ्या, हसल्या की अगदी लहान मुलीसारख्या दिसतात. आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला माई थेट बेड्यापर्यंत आल्या (कुंपणातल्या फाटकाला इथे बेडं म्हणतात, शिकले!), पण अक्का घराच्या पायरीवरूनच हात हलवत राहिल्या. मी म्हटलं, घाटावरच्या सुनेला भ्यायल्या की काय. जेवायला सुरमई आणि सोलकढी. तीन वाट्या प्यायले. माई म्हणाल्या, "खा गो बाय, लाजा नको." मी कशाला लाजतेय?

ही डायरी बाबांनी दिली, ते हिशेब बघतात त्या सहकारी सोसायटीची. रोज लिहायचं वचन दिलंय. रोज जमणार नाही हे दोघांनाही माहीत आहे.

२१ जानेवारी

हे आज गेले. आता दिवाळीनंतरच. रडायचं नाही असं ठरवून नीट रडले. जाताना एक विचित्र गोष्ट सांगून गेले. झोपाळ्यावर बसून, माई आत गेल्यावर, हळूच म्हणाले की घरच्या हिशेबात तू पडू नकोस, अक्का बघते ते. मी बी.कॉम. आहे आणि मी हिशेबात पडू नको! मला राग आला. निरोपाच्या वेळी काय भांडायचं! पण हरिश्चंद्र (नाव घेतलं, झालं), हे मी विसरणार नाही.

३ फेब्रुवारी

दिवस खायला उठला होता. बाजाराला माई जातात, मासे कृष्णाबाई बेड्यावर आणून देते, भांड्यांना बाई आहे. शेवटी मीच अक्कांना म्हटलं की वही मला द्या, मी लिहीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माईंकडे पाहिलं, आणि उठून वही आणून दिली. दिली म्हणजे काय, गरम भांडं खाली ठेवावं तशी ठेवली.

काम सोपं आहे. ह्यांचा पगार मालवणच्या बँकेत येतो. बँकेचं पासबुक महिन्यातून एकदा भरून आणायचं, त्यातली एकेक ओळ घरच्या वहीत उतरवायची आणि ती कुणाच्या तरी खात्याखाली टाकायची. पगार ह्यांच्या नावे, नारळाचे पैसे बागेच्या नावे, लाइटबिल, किराणा, देवस्थानची वर्गणी. दोन्हीकडची शिल्लक जुळली की मेळ लागला. बाबांच्या मांडीवर बसून हे शिकले मी. आम्हा दोघी बहिणींना, मला आणि हिराला, बाहुल्यांच्या आधी वही मिळाली होती.

एकच गोम आहे. पासबुकात दर महिन्याला एक ओळ असते, "रोख जमा", पाचशे एक. कोणी भरले, काही नाही. वर्षानुवर्षं. अक्का ती ओळ वहीत "रुक्मिणी" अशा नावाखाली टाकत आल्या आहेत. पण गेल्या भाद्रपदापासून नावाची जागा कोरीच. रक्कम लिहिलेली, नाव नाही. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या की म्हातारपणी विसरायला होतं. ही रुक्मिणी कोण, हेही विसरल्या म्हणे. माई लगेच म्हणाल्या की चहा घे.

भाद्रपदातच आमचं लग्न ठरलं. उगीच आठवलं.

१८ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आले. मस्त वारं, बंदरावर होड्या, खाजा घेतला. बँकेतले रविकांत म्हणून क्लार्क आहेत, ऑफिसात अगदी छापील मराठी बोलतात. त्यांना त्या पाचशे एकबद्दल विचारलं. त्यांनी दप्तर काढलं. भरण्याची चिठ्ठी सापडत नाही. कॅश मात्र त्या दिवशी बरोबर जुळलेली. भरणाऱ्याला पाहिलेलं कुणालाच आठवत नाही. ते म्हणाले की माझ्या आधीपासून हे असंच आहे, वहिनी, आणि पैसे येत आहेत, जात तर नाहीत. मग उठता उठता मालवणीत म्हणाले, "तुमी ह्यात पडा नकात." सगळ्यांना मी कशात ना कशात पडू नये असंच वाटतं.

२ मार्च

दिवस गेलेत! माईंनी ओळखलं आधी. बाबांना पत्र टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. सातव्या महिन्यात बाबा न्यायला येणार. आईच्या हातचा घनसाळ तांदळाचा मऊ भात, तूप, मेतकूट, आणि हिरा पाय चेपायला. आत्तापासून दिवस मोजत नाही, पण रोज एकदा मनातल्या मनात बॅग भरते. माईंना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघूया."

दुपारी अक्का रोज एक काम करतात. बरोबर बाराला परसातल्या कोपऱ्यातल्या माडाखाली भात आणि माशाची कडी वाढलेलं ताट ठेवून येतात. राखणदाराला, असं म्हणतात. इथे सगळेच काही ना काही ठेवतात. तासाभराने ताट आणतात तर चाटूनपुसून स्वच्छ. मी म्हटलं, राखणदार कुत्र्याच्या रूपात येतो वाटतं. अक्का हसल्या नाहीत. त्या वेळी परसात सुकलेली झावळं ओढत न्यावीत तशी सरसर ऐकू येते. वाऱ्याने होत असेल.

९ एप्रिल

उद्या पाडवा. या घरात नवी वही पाडव्याला काढतात, म्हणजे जुनी आज बंद करायला हवी. सकाळपासून बसले. मेळ लागेना. पासबुकात शिल्लक जास्त, वहीत कमी. फरक कुठला ते उघडच होतं, त्या बिननावाच्या ओळींचा. नाव नाही म्हणून अक्कांनी त्या बेरजेत धरल्याच नव्हत्या.

अशी वही मला बघवत नाही. बाबा सोसायटीत काय करतात ते आठवलं. ते म्हणतात, कमी पडलं तर पदरचं घालावं, जास्त निघालं तर आपल्या नावावर ठेवावं आणि मालक आला की द्यावं, पण वही उघडी ठेवू नये. त्यांच्या हाताखालचे सगळे असंच करतात. आम्ही बहिणी तर खाऊच्या पैशांचाही हिशेब असाच मिटवायचो. मी नवं पान काढलं, वर लिहिलं, "सौ. सुगंधा". खाली लिहिलं, "फरक माझ्या नावावर. मालक आला की द्यावा." आणि काय सांगू, पैशाला पैसा जुळला! टाळी वाजवली मी.

मान वर केली तर अक्का दारात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, मेळ लागला तर माणसं हसतात, अक्का. त्यांनी पुढे येऊन ते पान पाहिलं. अक्षरावरून बोट फिरवलं. मग विचारलं की तुला हे लिहायला कुणी सांगितलं होतं का. मी म्हटलं, नाही, माझं मीच. "आपणहून ना?" त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं.

बाहेर ती सरसर खिडकीपर्यंत आली होती. वारा पडलेला होता.

११ एप्रिल

अक्का गेल्या.

काल गुढी उभारली, श्रीखंडपुरी झाली, आणि आज सकाळी त्या ट्रंक घेऊन ओटीवर उभ्या. सावंतवाडीला, बहिणीकडे. तिथेच राहणार. मी म्हटलं, अशा अचानक? त्यांनी माझ्याकडे चपला मागितल्या. त्यांच्याकडे चपलाच नव्हत्या! या घरात येऊन तीन महिने झाले आणि माझ्या लक्षात आलं नाही की या बाईकडे चपला नाहीत. माझ्या दिल्या. त्या घालून त्या अंगणात उतरल्या, बेड्यापाशी थांबल्या, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. आणि तिथे रस्त्यात उभ्या राहून हसायला लागल्या. वळून मला म्हणाल्या, "माका माफ कर गो बाय." आणि भराभर चालत गेल्या, मागे न बघता.

बारा वाजता माईंनी ताट वाढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या की आता तुझं काम. नेऊन ठेवलं. मान वळवली नाही तोच मागे ताट फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. तिथे फरशी नाही, वाळू आहे.

१७ एप्रिल

बँकेत निघाले होते. नव्या चपला आणायच्या होत्या. बेड्याच्या बाहेर पाऊल टाकलं आणि पोटात कळ आली, अशी की खालीच बसले. लुगडं बघितलं तर लाल. माईंनी धरून आत आणलं. ओटीवर टेकले आणि थांबलं. एकदम. नळ बंद करावा तसं.

डॉक्टर घरी आले. बाळ ठीक आहे म्हणाले. पडून राहा, प्रवास नको. पहिलटकरणीला होतं असं. बरं, होत असेल.

२६ एप्रिल

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली. अंगणात फिरले, विहिरीपर्यंत गेले, काही नाही. बेड्याला हात लावला, काही नाही. पाऊल बाहेर टाकलं. रक्त. आत आले. थांबलं.

मी मूर्ख नाही.

२७ एप्रिल

कृष्णाबाई बांगडे घेऊन आली. माई विहिरीवर होत्या. मी बेड्याच्या आत, ती बाहेर. तिला सगळं सांगून टाकलं. तिने माशांची पाटी खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटली, "ह्येंनी वायंगी पाळलेलो आसा, बाय. तो पैसो हाडता. पण तेका बेड्याच्या आत एक माणूस होयो."

वायंगी म्हणजे विकत आणलेलं भूत. ह्यांच्या आजोबांनी आणलं. ते घराला बरकत देतं, आणि बदल्यात घरातलं एक माणूस त्याच्या नावाचं होतं. ते माणूस बेड्याबाहेर जात नाही. जबरदस्तीने कुणाला देता येत नाही. ज्याने त्याने आपणहून आपल्या नावावर घ्यावं लागतं, तेव्हाच आधीचा सुटतो. अक्कांनी घेतलं तेव्हा त्या परकरात होत्या. त्यांचं खरं नाव रुक्मिणी.

मी तिला म्हटलं की मला बाहेर ओढ, मी किंचाळले तरी सोडू नकोस. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पाटी उचलली. ती आता पुन्हा यायची नाही. मासे दुसरीच कुणीतरी आणेल.

५ मे

माईंना तोंडावर विचारलं. त्या नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या केसांना तेल लावता लावताच सांगितलं. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता येतं, वही लिहिता येत नाही, म्हणून या घरात त्या वाचल्या, एवढंच. "कोणाक तरी घरात रवाचा लागता गो." त्या रडत होत्या. हात मात्र थांबले नाहीत, वेणी घट्ट घातली.

आणि हे? ह्यांना माहीत होतं. म्हणून बोट. म्हणून दिवाळीनंतर. एक वाक्य बोलून गेले झोपाळ्यावर, आणि आपलं मन हलकं केलं. मला त्यांचा इतका राग येतो की कधी कधी तोच आधार वाटतो.

६ मे

पान फाडलं. चुलीत घातलं. नव्या वहीत पहिल्याच पानावर — माझंच अक्षर. "फरक माझ्या नावावर." शाई ओली.

२ जून

बाबा जीप घेऊन आले. मी आधीच कळवलं होतं, सातव्याची वाट बघू नका. बाबांनी आणि ड्रायव्हरने मला खुर्चीतून नेलं, पाय जमिनीला लागू दिले नाहीत. तरी. बेड्याच्या बाहेर — जीपची सीट भिजली. मी म्हणत होते, चला, चला. बाबा मला बघून पांढरे पडले. त्यांनीच परत आणलं. बाबांनी स्वतःच्या हातांनी मला परत आत आणलं. आत येताच थांबलं. ते म्हणाले की देव पावला.

त्यांना काय सांगू? त्यांच्याच सवयीने झालं हे सांगू?

आजऱ्याला परत गेले. जाताना म्हणाले, हिराची परीक्षा झाली की तिला पाठवतो सोबतीला. मी हो म्हटलं.

सोबतीला. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

नव्हतं.

२० जून

ते आता परसात थांबत नाही. मी ज्या खोलीत, त्या खोलीच्या भिंतीबाहेर. मी उठले की उठतं. न्हाणीत गेले की न्हाणीमागे. सरसर. मी थांबले की थांबतं. पोटावर हात ठेवला की — ऐकत असावं. बाळ हललं की तेही हलतं.

बाळ जन्मलं की तेही माझ्यासोबत इथेच. बेड्याच्या आत. चपलांशिवाय.

४ जुलै

पासबुक आलं, माईंनी आणलं. पाचशे एक. मी वहीत ओळ उतरवली, नाव लिहिलं नाही. जागा कोरी ठेवली.

का ठेवली?

अक्कांनी ठेवली होती, तशीच.

११ जुलै

हिरा आली! चिंब भिजून, हसत. आईने दिलेले लाडू, बाबांची चिठ्ठी, माझं जुनं पांघरूण. मला बघून आधी रडली, मग म्हणाली की ताई, तू भोपळ्यासारखी दिसतेस. किती दिवसांनी कुणी चिडवलं मला.

वही तांदळाच्या पिंपात लपवली. अगदी तळाशी. हिराला सांगितलं की इथल्या कुठल्याही कागदाला हात लावू नकोस. तिने विचारलं, का? मी — मी कारण सांगितलं नाही. सांगेन. उद्या सांगेन.

१४ जुलै

सांगितलं नाही. ती हसेल. नाहीतर घाबरून जाईल निघून. मग मी एकटी.

बाराचं ताट आज हिराने नेलं. गाणं म्हणत. परत आली, म्हणाली, ताई, तुमचा राखणदार भलताच खादाड.

१६ जुलै

माई तिचे किती लाड करतात. तिच्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा. "खा गो बाय, लाजा नको."

१९ जुलै. दुपार

मघाशी तांदूळ सांडल्याचा आवाज — माईंनी पिंप उपसलं. मी आतल्या खोलीत. उठायला गेले, पाय —

हिरा ओटीवर आहे. मघापासून गप्प. ती गप्प कधी बसते ते मला माहीत आहे. बेरीज करताना.

ओरडली आत्ता. ताई, किती दिवसांची वही उघडी ठेवलीस! मेळच लागत नाही! बाबांना कळलं तर! थांब, तू पडून राहा, मीच मिटवते —

सरसर. भिंतीपासून निघाली. पहिल्यांदाच मला सोडून. घराला वळसा घालून ओटीकडे चालली.

पोट दुखत नाही. किती महिन्यांनी. हलकं वाटतंय. बाळ शांत.

हाक मारायला हवी. हिरा, नको. एवढंच. दोन शब्द.

दारातून तिच्या चपला दिसतात, पायरीवर. निळ्या पट्ट्यांच्या. लहानपणापासून तिच्या चपला मला बरोबर येतात.

आजऱ्याची गाडी अडीचला आहे.

मारते हाक. आत्ता मारते. एवढी ओळ लिहून झाली की लगेच मा—